ग्लासात बुडवलेला प्रोब

३ जून, सोमवार
लेकीकडे कायमची राहायला आले. घर उजेडाचं, जावई कमी बोलणारा, दोन्ही मानवलं. खाली पोहण्याचा तलाव आहे. नात दिवसभर त्यातच डुंबते, म्हणून सगळे तिला बेडकी म्हणतात. मी जन्म पाण्याच्या प्रयोगशाळेत काढला हे कळताच सोसायटीच्या सेक्रेटरीने तलावाचं पंपघर माझ्या गळ्यात मारलं. जुना पंपवाला काम सोडून गेलाय. बरंच झालं, हातांना काम मिळालं.

४ जून, मंगळवार
पंपघर पाहिलं आणि टाळकं फिरलं. पाण्याचा पीएच मोजून आपोआप आम्ल सोडणारा चांगला कंट्रोलर आहे. पण पाणी मोजणारा प्रोब पाइपातून काढून बफरच्या, म्हणजे पीएच न ढळणाऱ्या द्रावणाच्या, ग्लासात बुडवलेला. बफरचा पीएच सातच राहणार, म्हणजे यंत्र खूश आणि आम्लाचा पंप गप्प. आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी या पंपवाल्याला बाकावर उभं केलं असतं. सेक्रेटरी म्हणाला, चाललंय ते चालू द्या, मावशी. मी म्हटलं, मी तुमची मावशी नाही आणि हे चालू देणारही नाही. प्रोब धुतला, कॅलिब्रेट केला, पाइपात बसवला. सेट पॉइंट ७.४ ठेवला. आकडा थेट नऊवर गेला आणि पंप टकटकू लागला.

६ जून, गुरुवार
आम्लाचं पिंप रिकामं. आकडा अजून नऊच. हातानेही तपासलं, तेच. एवढ्या आम्लाने फरशा विरघळायला हव्या होत्या. गेलं कुठे? पंप थांबवला तर आकडा संथ लयीत वर-खाली होऊ लागला. झोपलेल्याची छाती हलते तसा.

७ जून, शुक्रवार
पंपवाल्याला खडसावायला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, प्रोब ग्लासातून काढलात का. मग म्हणाला, बाई, ते तळाशी निजलं होतं. आम्लाची चटक तुम्ही लावलीत. आता उपाशी ठेवलंत तर वर येईल. त्याला मूर्ख म्हणून फोन आपटला. नवं पिंप मात्र मागवलं.

८ जून, शनिवार
प्रोब परत ग्लासात ठेवला. ताजा बफर. आकडा नऊ. ग्लासातही तीच लय.
तलावाला कुलूप घातलं. लेक म्हणते, आई, तू दमलीस, डॉक्टरांना दाखवू. बेडकी रुसली आहे.

९ जून, रविवार
दुसरं पिंपही संपलं. दुकान बंद. पाणी मधोमध फुगतंय—
जावयाने कुलूप काढलं. पोरीची सुट्टी का वाया घालवायची म्हणे.
पंपघराचं दार उघडत नाही. बाहेरून काहीतरी रेटतंय, ओलं—
ओरडले. खिडकीची काच जाड आहे. बेडकी काठावर उभी. हात हलवतेय. तिला वाटतं मीही—
इथेच मोठ्या अक्षरांत लिहून वही काचेला धरते.

बेडके, मागे हो. पाण्यात पाय टा