कोनाड्यातला नारळ

१७ नोव्हेंबर, सोमवार
वही आणून बारा दिवस झाले. रोज उद्यावर ढकललं. फिजिओच्या मॅडम म्हणाल्या होत्या की रोज लिहा, कोणता व्यायाम केला, दहापैकी किती दुखलं. त्यांनी त्यासाठी चौकटींचा कागद दिलाय, तो भरतो. पण सगळं चौकटीत मावत नाही म्हणून ही वही आणली, पहिल्या पानावर घार काढली आणि ठेवून दिली. घार चांगली आलीय. पंख जरा जास्त.
उजवा हात झोळीत, कोपर पोटाला चिकटलेलं. मनगट तेवढं हलतं. वही मांडीवर घेतली की लिहिता येतं. अक्षर आधीही असंच होतं, त्याचा दोष खांद्याला नको.
ऑपरेशनला उद्या तीन आठवडे होतील. वेल्ह्याच्या रस्त्याला कापलेल्या भातखाचरात बगळे उतरले होते, पन्नास-साठ तरी. गाडीवरून मान वळवून बघितलं. गाडी चरात, मी खांद्यावर. पुण्याच्या डॉक्टरनी फाटलेली शीर हाडाला धाग्यानं बांधलीय. सहा आठवडे झोळी, खांदा स्वतःच्या जोरानं उचलायचा नाही. धागा तुटला तर परत पहिल्यापासून. तेवढं एकच वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.
दु. म्हणजे दुखणं. दु. ५.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
झोळी सुटेपर्यंत भोरला अक्काकडे, थोरल्या बहिणीकडे. तिच्या गॅलरीतून स्टँड दिसत नाही, पण ऐकू येतो. कुठली गाडी लागली ते अर्धंच कळतं. उरलेलं मी मनानं भरतो. आज सकाळपासून तीन वेळा महाडला जाऊन आलो.
अक्का शर्टाची बटणं लावते. चोवीस वर्षांचा मी. तिनं केस पण विंचरले. भांग शाळेतल्यासारखा पाडला, म्हणाली असाच शोभतोस, बावळट दिसलास की निदान घरात तरी थांबतोस.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मॅडमकडे. वाकून हात सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्यानं हलवायचा, हाताच्या जोरानं नाही. मला जमत नाही. माझा हात आपणहून कामाला लागतो.
मॅडम म्हणाल्या, "दिगंबर, हा हात सध्या पाहुणा समजा. पाहुण्याला काम सांगतं का कुणी?"
मी म्हटलं, आमच्या गुंजवण्यात सांगतात, सुगीत आलेला पाहुणा विळा घेऊनच खाचरात उतरतो. त्या हसल्या नाहीत.
त्यांनी हात धरून वर नेला. खांद्याच्या रेषेपर्यंत गेला. त्या म्हणाल्या, छान, वेळेवर चाललंय.
छान काय आहे त्यात. मी याच हातानं दोरावर माणसं उतरवलीत.
दु. ६. कागदावर ४ लिहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
संजूदादाचा फोन. त्याच्याच ग्रुपबरोबर मी दोराचं काम करतो, कडा उतरायला येणाऱ्या लोकांना खाली सोडायचं. म्हणाला, जानेवारीत येशील ना? मी म्हटलं येणार.  मग म्हणाला, तुझ्या जागी एक माणूस बघितलाय, तात्पुरता. तात्पुरता हा शब्द त्यानं लई हळू उच्चारला.
दाजी तहसीलला आहेत, कारकून. जेवताना म्हणाले की समोरच्या झेरॉक्सवाल्याला बसून काम करणारा माणूस पाहिजे, एका हातानं होईल. भल्यासाठीच म्हणाले, मला माहितीय. पण मला ते दुकान दिसलं, स्टूल दिसलं, स्टुलावरचा मी दिसलो. आणि त्या मशीनचा हिरवा उजेड, सारखा इकडून तिकडे, इकडून तिकडे.
भात गेला नाही.
मला एका ठिकाणी राहता येत नाही. हे कुणाला सांगितलं तर लाड वाटतील. आईला वाटतंच. पण हात वर गेला नाही तर मी जाणार कुठं आणि कशाला

२३ नोव्हेंबर, रविवार
आज जे केलं ते नीट लिहितो. मॅडमच्या कागदाला याचा वास पण लागणार नाही.
अक्काला सांगितलं, नदीवर जाऊन बसतो. आणि भोंगवलीची गाडी धरली.
भोंगवली आईचं माहेर. तिथं महादू नाना आहेत, ऐंशीच्या पुढचे. पंचक्रोशीत कुणाचंही निखळलेलं, मुरगळलेलं त्यांनीच बसवायचं, बैलाचंसुद्धा. मी सातवीत असताना चिंचेवरून पडलो तेव्हा माझं कोपर त्यांनीच बसवलं. पंधरा दिवसांत मी परत चिंचेवर.
त्यांची रीत अशी. जाताना एक नारळ न्यायचा. नाना तो कोनाड्यात ठेवतात. बरं झालं की आपण परत यायचं आणि दुखऱ्या हातानंच तो त्यांच्या उंबऱ्यावर फोडायचा. दुसरं काही घेत नाहीत. आणि त्यांचं काम होईपर्यंत पेशंटनं आपणहून तोंड उघडायचं नाही. बोटांना ऐकू येत नाही, म्हणतात.
मला वाटलं, सोपं आहे. बोलायचंच नाही तर खोटं बोलायची पण गरज नाही.
नानांच्या घराअलीकडे गोठ्याच्या आड झोळी काढली आणि पिशवीत घातली. तेव्हाच परत फिरायला पाहिजे होतं. पण गोठ्यात नुकतं झालेलं रेडकू होतं, उभं राहायला धडपडत होतं. ते बघत बसलो. ते उभं राहिलं आणि मला वाटलं, जमतंय की.
नानांना आता नीट दिसत नाही. ऑपरेशनची भोकं तीनच, बारीक, बुजलेली. निरगुडीचं तेल लावून त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागले. मागून पुढं, पुढून मागं. मग एका जागी बोट थांबलं. हललंच नाही.
"हितं आधी कुणी हात घातलाय का रं?"
त्यांनी स्वतः विचारलं. सांगता आलं असतं. मान हलवली तर त्यांना दिसणार नाही, म्हणून बोललो.
"न्हाई नाना."
अजून थोडा वेळ बोट तिथंच होतं. मग त्यांनी काखेत टाच रोवली आणि ओढलं.
आवाज आला. मोठा नव्हता. ओली काटकी मोडावी तसा.
नाना म्हणाले, बसला. मी नारळ दिला. कोनाड्यात आधीचे दोन होते, त्यांच्या शेजारी त्यांनी चाचपून ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दु. ९.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
दु. ९. खांदा सुजलाय. अक्काला सांगितलं, झोपेत त्या कुशीवर वळलो.
वाकून हात सोडला की सबंध हात खाली ओढल्यासारखा होतो. आधी असं नव्हतं. का होतं?
दिवसभर आठवायचा प्रयत्न केला. आठवतच नाही आधी कसं होतं. पाच दिवसांपूर्वीची गोष्ट.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मॅडमकडे. हात उचलायला घेतला आणि मी ओरडलो. बाकावरचा गुडघेवाला माणूस माझ्याकडे बघायला लागला. मॅडमनी हात परत अलगद झोळीत ठेवला.
"गेल्या गुरुवारी खांद्यापर्यंत जात होता. मध्ये काय झालं?"
"काय न्हाई. झोपेत."
त्यांनी माझा कागद बघितला. रविवारच्या चौकटीत मी ३ लिहिलं होतं, सोमवारी ३, मंगळवारी ४. त्यांनी ती ओळ बोटानं दोनदा वाचली. सोनोग्राफी करून घ्या, पुण्याच्या डॉक्टरना दाखवा, लगेच. मी हो म्हटलं. त्यांनी चिठ्ठी दिली, ती या वहीत ठेवलीय. घारीच्या पानात.
मी जाणार नाही. बघितलं नाही तोवर तुटलेला नाही. निदान अर्धा तरी तुटलेला नाही. बघितलं की कायमचं ठरलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
अक्कानं पकडलं.
माझा रविवारचा शर्ट मी गादीखाली कोंबला होता. तिला तो आज धुवायला सापडला. शर्ट घेऊन गॅलरीत आली आणि माझ्यासमोर उभी राहून वास घेतला. ती पण भोंगवलीचीच भाची. निरगुडीचं ते तेल सगळ्या तालुक्यात एकच माणूस काढतो.
"नानांकडं गेलतास."
मी झोळीचा पट्टा ओढला.
"ऑपरेशनचं सांगितलंस का त्यास्नी?"
पट्टा परत सैल केला.
"दिग्या, त्यांनी इचारलं असंल. ते इचारल्याबिगर हात लावत न्हाईत. काय बोललास?"
सांगितलं. गोठ्यापासून आवाजापर्यंत सगळं. रेडकाचं पण सांगितलं, ते कशाला सांगितलं माहीत नाही. मला वाटलं आता मारते. ती तिथंच बसली, शर्ट मांडीवर घेऊन, आणि बराच वेळ त्याची बटणं लावत राहिली. रिकाम्या शर्टाची.
मग म्हणाली, "तुझं तू भोगशील. त्यांचं काय?"
एवढंच बोलून ती आत गेली. भोंगवलीच्या मामाला फोन लावल्याचा आवाज आला. दार लावून घेतलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार
 दाजींनी सकाळी पुण्याच्या डॉक्टरची मंगळवारची वेळ घेतली आणि मला फक्त दिवस सांगितला. मी म्हटलं, जाणार नाही. ते म्हणाले बरं. त्यांचं ते बरं म्हणजे फाईल खाली ठेवली, टेबलावरून काढली नाही.
अक्काचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. मी फक्त माझ्या खांद्याचा विचार करत होतो. उद्या पुण्यात कळलं, गावात कळलं, तर लोक काय म्हणणार? महादू नानांनी पोराचं ऑपरेशन उसवलं. साठ वर्षं त्या माणसाच्या बोटानं चूक केली नव्हती. त्या दिवशी पण केली नाही. बोट बरोबर जागी थांबलं होतं. खोटं माझ्या तोंडातून आलं.
आणि मी त्यांना नारळ देऊन आलो.
दु. ७. खरा आकडा.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळी गॅलरीत बसून एका हातानं शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न केला. डाव्या. वरचं लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला समोरच्या पत्र्यावर माकडं आली, मोठं टोळकं. एक पिल्लू आईच्या पोटाला एका हातानं लटकलेलं. एकाच हातानं. त्याला काही वाटत पण नव्हतं.
रडलो. लई दिवसांनी. माकडांसमोर.
दुपारी अक्कानं पिशवी भरून दाराशी ठेवली. टॉवेल, फाईल, मॅडमची चिठ्ठी. चिठ्ठी वहीतून काढली म्हणजे वही उघडली. वाचली का विचारलं. म्हणाली, "तुझं अक्षर कुणाला लागतंय."
घारीबद्दल काही बोलली नाही, नुसतं चित्र बघितलं असतं तर बोलली असती. म्हणजे वाचली असणार.
मी अजून हो म्हटलेलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
सव्वासात. पुण्याची गाडी आठला. दाजींनी रजा टाकलीय, खाली थांबलेत. अंघोळ केली नाही. खुर्चीतच बसलोय, वही घेऊन. जोवर लिहितोय तोवर कुणी उठ म्हणणार नाही असं वाटतं.
खरं लिहायचं तर भीती ऑपरेशनची नाही. परत सहा आठवडे, परत बटणं, परत अक्का, ते पण होईल. डॉक्टर विचारतील, मधे काय झालं. तिथं मला नाना सांगावे लागतील. नाही सांगितले तर परत खोटं. सांगितले तर ते त्या म्हाताऱ्याला काय म्हणतील, अडाणी म्हणतील, पोलिसात द्या म्हणतील. आणि मी शेजारी बसून ऐकणार.
त्यापेक्षा हात असाच राहू दे. झेरॉक्सचं दुकान काही वाईट नाही. सावलीत आहे. स्टूल

अक्का जिन्यावरून हाक मारतेय. मी म्हटलं, येत नाही, त्यांना जाऊ दे. ती म्हणाली, "तू नको येऊ. तेच वर याय लागलेत."
कोण?
"नाना. पहिल्या गाडीनं आले. एकटेच. स्टँडापासून इचारत इचारत."
नाना उभ्या आयुष्यात कुणाच्या दारी गेलेले नाहीत. माणसं त्यांच्याकडे जातात.
मी विचारलं, काय म्हणतात.  अक्का तिथूनच, आवाज बारीक करून:
"म्हणतात, डाक्टरकडं मला बी न्या. बोटाला काय लागलं आन् म्या कुठवर ओढलं, त्ये माझं म्याच सांगनार. पोराला नीट सांगता यायचं न्हाई."
आणि पिशवीत मी दिलेला नारळ आहे म्हणे. शेंडीसकट. डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचा म्हणतात, आता त्यानं सांभाळायचा.
जिना अरुंद आहे. भिंतीला धरून चढतायत. हात फिरवत येतायत, भिंतीवरून त्यांच्या बोटांचा आवाज येतोय. मधेच थांबला. परत सुरू झाला.
झोळी नीट करतो. शर्टाची दोन बटणं राहिलीत