पाखरं राखल्याबद्दल

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या पुंडलिकाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघ्यांमुळं डोकं आता पायापर्यंत पोचत नाही, पण कागदावर पोचतं.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही इथं मजेत आहोत, जरा जास्तच मजेत, तेच सांगायला हे पत्र.

परवा फोनवर तू सांगितलंस की टॅबवरच्या खेळातल्या तुझ्या गावात चोरी होतेय. रोज निळी पाखरं येतात, बाजरी नेतात, तांब्याचं घंगाळ नेलं, आणि देवळावरची चांदीची घंटासुद्धा नेली, जिच्यावर तू हौसेनं ‘द्वारका’ असं स्वतःचं नाव घातलं होतंस. एवढं ऐकलं आणि मी घाईनं फोन ठेवला. (रेंज गेली नव्हती. तुला माझा आवाज ऐकला की सगळं कळतं, लहानपणापासून, म्हणून पत्र.) पण आता तू लाल फेट्याचं बुजगावणं उभं केलंयस म्हणे, झकास केलंस. ज्वारीच्या मचाणावर तुझी गोफण फिरली की चार शेतांतली पाखरं उडायची. त्या बाईच्या गावात चोरी म्हणजे काय! चोराला लाज वाटायला पाहिजे.

माझ्यावर काय बेतलं ते ऐक. आपली तनुजा नोकरीच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस बंगळूरला गेली. जाताना तिनं तिचं गाव माझ्या हवाली केलं. तुझ्या टॅबवर तिनं दिवाळीत हाच खेळ घालून दिला, पण तिचं गाव तीन वर्षांचं आहे, अक्का. दाढीवाले ठेंगू, बोलणारी झाडं, डोंगराच्या पोटात कोठार, असं नांदतं गाव! म्हणाली, “आबा, पुढच्या आठवड्यात रविवारी खेळात हिवाळा लागतो. कोठारात दोनशे पोती नसली तर ठेंगू गाव सोडून जातात, परत येत नाहीत. तेवढं सांभाळा.” नातीनं आयुष्यात पहिल्यांदा काही सोपवलं. (मोटारसायकलची किल्ली मागितली तर अजूनही देत नाही.) मी म्हटलं, निर्धास्त जा. चौतीस वर्षं कृषी खात्यात काढली मी, पोत्यांचं मला काय सांगतेस?

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी पाखरं आली. रानटी, निळी, कावळ्याच्या दुप्पट, आणि अंगात मस्ती किती! एक धान्य नेतंय, एक चमचे नेतंय, एकानं तर ठेंगूची दाढी विंचरायची फणी नेली. तनुजानं माझ्यासाठी खेळ मराठीत करून ठेवलाय. कामांच्या यादीत बघतो तर लिहिलेलं, ‘पक्षी राखा’. म्हटलं, वा, खेळ करणाऱ्याला शेती कळते! आपण नाही का पाखरं राखायला जायचो, पिकावरची हाकलायला? मी एक नाही, दोन नाही, चांगले आठ ठेंगू पाखरं राखायला बसवले आणि वामकुक्षी घेतली.

उठून बघतो तर पाखरं दुप्पट. आणखी चार ठेंगू बसवले, पाखरं चौपट. पोती एकशे ऐंशीवरून चाळिसावर आली. मी टॅबसमोर उभा राहून “हुर्र्या! हुर्र्या!” करत थाळी बडवायला लागलो, तर शेजारचे इलियासभाई (गुलमंडीत कापडाचं दुकान होतं ते) काठी घेऊन धावत आले; त्यांना वाटलं, घरात माकड शिरलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, “अहो पुंडलिकराव, ये तो दाना डाल रहे हैं! तुमची माणसं पाखरं हाकलत नाहीत, पाळतायत.” अक्का, खेळात राखणं म्हणजे सांभाळणं! बाराही ठेंगू पाखरांना मांडीवर घेऊन दाणे भरवत होते. आपल्याकडं पाखरं राखणं म्हणजे काय ते त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? मला खरंच रडू आलं. पोरीची तीन वर्षं मी दोन दुपारींत चारली होती.

पण देवाची करणी बघ. गुरुवारी सगळ्या पाखरांच्या गळ्यात आपोआप पिवळे रुमाल आले. (पाळीव झाल्याची खूण.) तेव्हापासून ती माझ्या दाण्याला शिवत नाहीत. सकाळी डोंगरापलीकडं जातात आणि संध्याकाळी चोची भरून येतात. कुठून आणतात, कोण जाणे. कोठार दोनशे चाळीसवर गेलं. काल तनुजानं बंगळूरहून बघितलं आणि म्हणाली, “आबा, तुम्ही तर लईच भारी निघालात!” मी म्हटलं, मेहनत, दुसरं काय. तेव्हापासून इतकं बरं वाटतंय की गुडघेसुद्धा दुखत नाहीत. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
पुंडलिक

ता. क. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर बाजरीच्या खारोड्या पाठव.

ता. क. २. अक्का, आता दडवत नाही. तुला लुटणाऱ्या पाखरांच्या गळ्यात पिवळे रुमाल आहेत का बघ. डोंगरापलीकडचं गाव तुझंच निघालं; घंटा माझ्या कोठारात आहे, वर ‘द्वारका’ लिहिलंय. सोमवारी, हिवाळा एकदा लागला की, सगळं परत करतो, पोती मोजून. तोवर गोफण चालवू नको. मचाणावर मी झोपलो आणि पाखरांनी अर्धं वावर साफ केलं, तेव्हा तू अण्णांना माझं नाव सांगितलं नव्हतंस, मार तूच खाल्लास. तो मी विसरलेलो नाही. तेवढं तनुजालाही सांगू नको.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना टॅब वाजला. तुझं बुजगावणं सुखरूप पोचलं. फेटा थोडा सुटलाय, बाकी ठीक. कोठारापुढं उभं केलंय, शोभून दिसतं.