नववा कप्पा

प्रिय सूनबाई,

ही हाक तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. ‘आई, सूनबाई म्हटलं की मला उगीच मान खाली घालावीशी वाटते,’ असं तू पहिल्याच महिन्यात म्हणाली होतीस. पण आज जे लिहायचं आहे ते सासूनेच सुनेला लिहायला हवं, म्हणून एवढ्यापुरतं चालवून घे. शनिवारी तुला त्या नव्या इस्पितळाला उत्तर कळवायचं आहे. नवजात बाळांचा अख्खा विभाग तुझ्या हाती द्यायला निघालेत ते, आणि तू बावीस किलोमीटरांपाशी अडली आहेस. त्यात आमचे चिरंजीव! रविवारी जेवताना काय म्हणाले? ‘रोज एवढं लांब, आणि तेही त्या म्हातारीवर? जवळच्यात काय वाईट आहे?’ म्हातारी म्हणजे स्कूटर, असं मी आपलं समजून घेतलं.

जेवणानंतर तू कप विसळत होतीस आणि मी सवयीने स्कूटरची डिकी उघडली. माझी हत्यारांची, नऊ कप्प्यांची कापडी गुंडाळी जागेवर होती. खरं सांगते, मला वाटलं होतं तू ती कधीच माळ्यावर टाकली असशील. लग्नानंतर स्कूटरबरोबर ती तुझ्या हातात ठेवली तेव्हा घरात केवढा हशा झाला होता! ‘सुना दागिने नेतात, हिला पक्कड मिळाली,’ इति तुझे सासरे. तू नुसती ‘थँक्यू आई’ म्हणालीस आणि ती पिशवीत सरकवलीस. मी मनातून खट्टू झाले होते. तीस वर्षं ज्या स्कूटरने मला वेधशाळेत नोकरीवर पोचवलं आणि घरी आणलं, तिचं हे सगळं गणगोत होतं.

गुंडाळीचा दोरा सोडला आणि मी बघतच राहिले. प्लग नवा, पॉलिश कागदाचा तुकडा नवा. बल्ब मी फडक्यात गुंडाळायचे, तू त्याला औषधाच्या डबीत कापसावर निजवला आहेस. तुझ्या बाळांना ठेवतेस तसा! आणि जो नववा कप्पा मी कायम रिकामा ठेवला, त्यात एक मासोळी. फ्रिजवरचं ते निळं चुंबक. हे इथे कशाला, असं विचारलं तर तू म्हणालीस, ‘सहजच हो,’ आणि मग हात पुसत पुसत सगळं सांगितलंस. पुलावर क्लचची केबल तुटली. केबल पकडणारा तो वाटाण्याएवढा नट हातातून निसटला आणि पुलाच्या कडेच्या मातीत दहा मिनिटं लपून बसला. तेव्हापासून काहीही खोलायचं तर आधी चुंबक काढायचं आणि सुटलेला प्रत्येक नट त्या मासोळीच्या पोटाला चिकटवायचा. सात वाजायला पाच मिनिटं असताना तू वॉर्डात हजर होतीस. हात कोपरापर्यंत काळे बघून मेट्रनबाई म्हणाल्या, ‘काय गं, कोळशाच्या खाणीतून आलीस का?’ आणि तू म्हणालीस, ‘हो, पण वेळेवर आले.’

हे ऐकून मी बसमधून घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं. अगं, केबल तुटली की भलेभले पुरुष गाडी ढकलत नेतात! नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवायची, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधायची, म्हणजे ऐन वेळी फक्त टोकं जोडली की झालं, ही युक्ती मला आमच्या मिस्त्रीने शिकवली होती. तो म्हणायचा, ‘बाई, गाडी बिघडणारच, तिचा स्वभाव आहे. आपण तयार असणं हा आपला स्वभाव.’ मी गाडी तुला दिली तेव्हा ती केबल ओवलेलीच होती, पण हे तुला सांगायचं विसरले होते. तुझं तूच शोधलंस. शिवाय जोडून झाल्यावर आणखी एक नवी आणून शेजारी ओवलीस, तेही मी वाकून पाहिलं. स्टेपनीत हवासुद्धा होती. बिनहवेची स्टेपनी म्हणजे आयत्या वेळी पाठ दुखणारा दीर, हे तुला सांगावं लागलं नाही.

तू मागे एकदा विचारलं होतंस की गुंडाळीला नऊच कप्पे का, आणि नववा रिकामा का. मी मोठा आव आणून म्हटलं होतं, ‘कळेल पुढे.’ खरं कारण एवढंच, की कापड उरलं होतं. शाळेतल्या आमच्या शिवणाच्या सिस्टर उरलेलं कापड वाया घालवू देत नसत. पण कप्पे मुळात का शिवले, ते कुणालाच सांगितलेलं नाही.

त्यालाही कारण सिस्टरच. त्यांनी अंगात स्वच्छता इतकी भिनवली होती, की मी दर महिन्याला सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर मांडायचे. तशीच एकदा मांडली, आणि सकाळी घाईत पिशवीत भरून निघाले. वेधशाळेत साडेआठच्या ठोक्याला तापमान आणि पाऊस वाचून नोंदवायचा, त्यात एक मिनिट इकडचं तिकडे चालत नसे. चढावर गाडी गचके खाऊन थांबली. प्लगवर काजळी. सोपं काम! नवा प्लग पिशवीत होता, पण तो बसवायचा पाना वर्तमानपत्रावर वाळत पडला होता. हातात नवा कोरा प्लग घेऊन मी रस्त्याकडेला उभी, जशी काही चावी नसलेल्या घराची मालकीण. पोचले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. शेजारचे कारकून दयाळूपणे म्हणाले, ‘कालच्याच आसपासचा आकडा टाका, कोण बघतंय?’ मी तिथे आकड्याऐवजी रेघ मारली आणि खाली सही केली. ती रेघ अजून त्या वहीत असेल. तिचा मला आजही अभिमान आहे. त्याच आठवड्यात, सिस्टरांनी शिकवलेल्या पक्क्या टिपेने, मी प्रत्येक वस्तूला तिचा तिचा कप्पा शिवला. कप्पा रिकामा दिसला की काय राहिलं ते डोळ्यांना टोचतं.

पण पुढचं ऐक, कारण पत्र त्यासाठीच आहे. रविवारी निघताना तू दारात हळूच विचारलंस, ‘आई, तुम्हाला कधी लांबची जागा मिळाली होती का?’ आणि मी ‘छे गं’ म्हणून चप्पल घालायला वाकले. खोटं बोलले. त्या रेघेनंतर महिन्याभरात मला डोंगरावरच्या नव्या वेधशाळेची प्रमुख करत होते. साहेब हसत म्हणाले होते, ‘फक्त तेवढा पाना विसरू नका म्हणजे झालं.’ सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी नकार लिहून दिला. घरी सांगितलं, मुलगा लहान आहे. तुझा नवरा आजवर समजतो, आईने त्याच्यासाठी सोडलं. त्याच्यासाठी नव्हतं. एका पान्यापायी मी स्वतःवरचा भरवसा सोडला होता, आणि मग निवृत्तीपर्यंत आठही कप्पे भरलेले ठेवून त्याच जवळच्या रस्त्याने गेले. तुझा नट हरवला तेव्हा तू चुंबक शोधलंस. माझ्या रिकाम्या कप्प्यात काय हवं होतं, ते मला तुझ्याकडून कळलं. हे पत्र नवऱ्यालाही वाचायला दे, मग शनिवारी ‘हो’ कळव. आणि रस्ता नवा आहे तर जुनी सवय मोडू नकोस, निघण्यापूर्वी कप्पे बघ.

तुझीच, पाना विसरलेली,
आई