लाठी खाल्लेला हात

ठाकूरद्वार, ५ एप्रिल

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मग तुम्ही स्पीकर लावता आणि लालबागच्या अख्ख्या तिसऱ्या मजल्याला माझी खबर कळते. ही गोष्ट मजल्यावर जायला नको. आजीला तर मुळीच नको.

परवा मेडिकलला आमचं दंड आणि कोपर शिकवून झालं. हात खाली सोडला की मनगट मांडीपासून जरा बाहेर जातं, म्हणून भरलेली बादली पायाला आपटत नाही. तुमचं उलटं! कोपर बाहेर, मनगट आत. गेल्या रविवारी तुमचं कोपर दाबून पाहत होते, ते प्रेमानं नव्हतं, सॉरी. कोपर दुमडलं की हाडाच्या तीन टोकांचा त्रिकोण होतो. तुमचा त्रिकोण झकास आहे. म्हणजे सांधा निखळला नव्हता, मोडलं ते त्याच्या जरा वर, दंडाच्या हाडाच्या तळाशी. ते असं मोडतं ते बहुतेक पाच ते दहा वर्षांच्या पोरांचं, झाडावरून हातावर पडली की. आणि हाडवैद्यानं वाकडं बसवलं की जन्मभर तसंच राहतं.

गिरणी संपाच्या मोर्चात हातावर लाठी पडली तेव्हा तुम्ही एकतीस वर्षांचे होतात ना? मग?

खुलाशाची वाट पाहणारी,
तुमची आकांक्षा


लालबाग, ९ एप्रिल

चि. आकांक्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगो चेडवा, अजून पहिलं वर्ष संपलं नाही आणि आजोबाची उलटतपासणी करतेस? तुझ्या पुस्तकात गिरणी कामगाराचा हात आहे काय? साचे, म्हणजे माग, चालवून चालवून आमची हाडं वेगळीच झाली. आणि मी फणसाच्या झाडावरून कधीही पडलेलो नाही, हे लिहून ठेव.

एक तारखेला मंडळाचा कार्यक्रम आहे. दत्ताराम अध्यक्ष झाल्यापासून त्यानं माझ्या सत्काराचं डोक्यात घेतलंय. पत्रिका छापल्या, त्यावर 'लाठी झेलणारे गुणाजी' असं आहे. तोवर तोंड शिवून अभ्यास कर. लाठी पडली होती, हे खरं आहे. पुढचं विचारू नकोस, आणि तुझ्या आजीला तर बिलकुल विचारू नकोस.

कैऱ्या पाठवतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
गुणाजी


ठाकूरद्वार, १३ एप्रिल

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

कैऱ्या पोचल्या. लाच म्हणून फार आंबट आहेत.

मी नुसतं झाड म्हटलं होतं. फणस तुम्ही आणलात!

आता आणखी ऐका. लाठी अंगावर आली की माणूस हात आडवा धरतो. मग मोडतं ते कोपराच्या खालचं, करंगळीच्या बाजूचं हाड. तुमचं ते हाड पट्टीसारखं सरळ आहे.

चेष्टा पुरे. शाळेत जाताना मी तुमचा तोच हात धरायचे आणि मैत्रिणींना सांगायचे, ह्या हातानं लाठी झेललीय. मला खरंच वाईट वाटतंय हो. खोट्यावर शाल घेणार असाल तर मी एक तारखेला येणार नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
आकांक्षा


लालबाग, १८ एप्रिल

चि. आकांक्षास,
पोटभर आशीर्वाद.

यांच्या डोळ्यांत सध्या मी थेंब घालतेय, बारीक अक्षर यांना दिसत नाही. तुझी दोन्ही गुप्त पत्रं मीच मोठ्यानं वाचून दाखवली, तीही दार उघडं टाकून. मजल्याला सगळं कळलंय.

हे नऊ वर्षांचे असताना फणसावरून पडले. लग्नात हात हातात घेतला तेव्हाच तो वाकडा होता, बाये. नेहमी पूर्ण बाह्यांचा सदरा, म्हणून चाळीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंनी मला मोर्चाला जायची बंदी केली होती. मी रेशनला जाते सांगून गेले. लाठी यांच्या डोक्यावर येत होती, मी हात मध्ये घातला. घरी काय सांगायचं? लाठी पडताना लोकांनी पाहिली होती, म्हणून मी नळावर घसरले आणि लाठी यांच्या हाताला बसून तो वाकडा झाला, असं आम्ही ठरवलं. आम्ही दोघंही येडे! स्वतःच्या पोराचा हात कधी मोडला हे आईला ठाऊक नसणार? पण त्या चाळभर सांगत सुटल्या, माझ्या गुणाजीनं लाठी खाल्ली. आणि दार लावून महिनाभर माझ्या हाताला मिठाचा शेक दिला. सून मोर्चात मार खाऊन आली असं लोकांनी म्हणू नये, म्हणून.

तू येणार नाहीस हे वाचलं तेव्हा हे जेवले नाहीत. म्हणाले, रमा, ही शाल माझ्याच्यानं पेलवणार नाही. उठले, दत्तारामाकडे गेले, चार माणसांसमोर सगळं सांगितलं, फणसासकट. तो आधी तापला, मग हसत सुटला. काल नवी पत्रिका आली. 'लाठी झेलणाऱ्या रमाबाई'. रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव आजवर कुठं छापलं नव्हतं गं. सात वेळा वाचली, आणि रडले.

आता तुला यावंच लागेल. माझा हात कोपराखाली करंगळीच्या बाजूनं चाचपून बघ, गाठ लागेल. इतकी वर्षं मी तो पदराखाली धरला. स्टेजवर चढताना बाहेर काढणार आहे.

वाट बघणारी तुझी आजी,
रमाबाई