दिवा इथं, मोटर तिकडं

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. इथून टपाल जात न्हाई आणि तिथं पत्र घ्यायला तुम्ही न्हाईत, म्हणून तर लिहायचा धीर झाला. तुम्ही गेल्याची खबर वायरलेसवर आली त्याला तीन महिने झाले. तुमच्या लेकीचा, आक्काचा आवाज नुसता खरखरत होता. इथं दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर चहूकडं बर्फ, पौषाशिवाय जहाज न्हाई. मी जनरेटरचं ऑईल बदलून राह्यल्तो, तेच बदलत राह्यलो.

आज सकाळी मात्र असं काही पाह्यलं, की तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

सकाळ म्हणजे घड्याळातले सहा. सध्या इथं सूर्य उगवतच न्हाई. बाहेर आलो तर आभाळभर हिरवट उजेडाची ठिगळं. एक पेटायचं, दुसरं विझायचं. सात-आठ आकडे मोजावेत तोवर विझलेलं परत पेटायचं. पडद्यासारखा हलणारा ध्रुवाकडचा उजेड मी आधी पाह्यल्ता, पण असा धडधडणारा पहिल्यांदाच.

आपल्या वस्तीवरचा बल्ब आठवतो का? पाय मोडून तुम्ही बाजेवर होता, त्या साली. ट्रान्सफॉर्मरची डीपी एक, विहिरींवरच्या मोटरी तीन. कुणाचीही चालू झाली की आपला बल्ब डोळा मिचकवायचा, आणि तुम्ही पडल्या पडल्या सांगायचे, "ही पाटलाची. ही भिकाजीची, जोर पडून राह्यलाय तिला."

"दादा, बल्ब बोलतो का तुमच्याशी?"

"बोलतो की. तुझ्यावाणी बाता न्हाई मारत."

इथले नायर साहेब याच उजेडाचा अभ्यास करतात. त्यांनी मला मशीनपाशी नेऊन कानाला हेडफोन लावला. दादा, आत पाखरं होती! सकाळच्या पारी ज्वारीवर उतरतात तसा चिवचिवाट. आणि इथं तर या दिवसांत एक पाखरू न्हाई.

साहेब म्हणाले, "पाखरं न्हाईत, लहरी आहेत. पृथ्वी म्हणजे मोठं लोहचुंबक. त्याच्या ओढीत, हजारो मैलांवर, विजेचे बारीक कण अडकलेले असतात. तिथं लहर उठली की ते सुटून खाली येतात, हवेवर आदळतात आणि आभाळ पेटतं. लहर बसली की विझतं. मशीन ती लहर आवाज करून ऐकवतं. दोन्हीचा ठेका बराबर जुळतो का, तेच मोजतोय."

"म्हणजे दिवा इथं, मोटर तिकडं," मी म्हणालो.

साहेब हसले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"वडलांनी. बल्ब पाहून मोटर ओळखायचे."

"कधी चुकायचे?"

मी हेडफोन काढून साहेबांच्या हातात दिला.

त्याच साली एका दिवशी दिवेलागणीला लाईट आली ती मंद, मंग उजळली. तुम्ही उठून बसलात. "गंग्या, आपली मोटर चालू झाली. विहिरीचा तळ दिसून राह्यलाय, जळंल. जल्दी जा." मी पत्ते खेळत होतो. अर्ध्या वाटेपर्यंत गेलो, एक बिडी ओढली, परत आलो. "बंदच हाये. तुम्हाला भास व्हायला लागले आता."

मोटर जळाली. का चालू झाली, ते मला बिलकुल ठाऊक होतं. लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी, परत शेतात जायला नको, म्हणून दुपारी स्टार्टरच्या बटणात मीच काडी खोचून ठेवल्ती. सकाळी गुपचूप काढून फेकली.

विहीर सामाईक, मोटरही. दुसऱ्या दिवशीची पाळी किसनकाकाची, तुमच्या चुलतभावाची. त्यानंच घाई करून रात्री चालू केली, असं तुम्ही धरलं. तो बाजेपाशी येऊन म्हणाला, "दादा, लेकराची शपथ, मी हात लावला न्हाई." तुम्ही तोंड फिरवलं ते कायमचं. मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर तुम्ही बल्बकडं पाहणं सोडलं. तो मिचकावला तरी गप. एकदा मीच विचारलं, "कुणाची हो ही?" तुम्ही म्हणालात, "आता न्हाई कळत रे मला."

इतका विश्वास का ठेवलात माझ्यावर?

तीच मोटर नवी तार भरायला, रिवाइंडिंगला घेऊन मंठ्याला गेल्तो. तिथंच काम शिकलो. मंग जालना, मुंबई, जहाज, आणि आता हा बर्फ. लोक म्हणतात, याच्या पायाला भिंगरी. खरं तर त्या बल्बखाली बसवत नव्हतं मला.

आक्का सांगत होती, माझ्या जागी तुम्हाला अग्नी किसनकाकानं दिला. एवढी वर्षं उंबरा न चढलेला माणूस आला आणि म्हणाला, "पोरगं दूर हाये. मडकं मी धरतो."

साहेबांना मी शेवटी जबाब दिला. "न्हाई साहेब. एकदाही चुकले न्हाईत." दादा, हे मी तुमच्यासमोर म्हणायला पाह्यजे होतं.

जहाज आलं की घराच्या आधी किसनकाकाच्या दारात जाईन. त्याला विहिरीवर नेऊन, काडी कशी खोचल्ती ते माझ्या हातानं दाखवीन. मंग त्याला काय बोलायचं ते बोलू दे. तो आपल्या घरी आला, तर दिवेलागणीला त्याला तुमच्या बाजेवर बसवीन, मी खाली बसेन, आणि बल्ब मिचकावला की मोठ्यानं सांगीन, ही कुणाची ते.

तुमच्या बल्बखाली परत येणारा,
गंगाधर