बाबांच्या घंटीचा ट्रान्झिस्टर

चौबे कॉलोनी, रायपूर
१८ सप्टेंबर २००२

चि. पूर्णिमा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट काल सकाळी पोचलं. दहाही ट्रान्झिस्टर धड आहेत, एकाचाही पाय मोडलेला नाही. नागपुरात चार दुकानं पालथी घातलीस म्हणे. बाबांची घंटी बंद पडलीय म्हटल्यावर तू गप्प बसणार नाहीस, हे मला आधीच कळायला हवं होतं.

इथलं काय सांगू! राजधानी झाल्यापासून कॉलोनीत लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या आणि नळाचं पाणी कमी झालं. सिलतऱ्याच्या कारखान्यात माझी रात्रपाळीच चालू आहे. सकाळी घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. विनोदिनी साडेदहाला शाळेत शिकवायला जाते, मी झोपतो, पलीकडच्या खोलीत बाबा. सगळ्याचा वीट आलाय बघ. धुराचा, फिनाइलच्या वासाचा, स्वतःच्या तोंडाचासुद्धा.

घंटी मी केली तेव्हा तू इथेच होतीस. अर्धांगाने बाबांची उजवी बाजू आणि वाचा गेली, डाव्या बोटात बटण दाबण्याइतकंही बळ नव्हतं. म्हणून फळीवर दोन पितळी पट्ट्या ठोकल्या. दोन्हींवर मिळून बोट टेकलं की कातडीतून जी नावाला वीज जाते, तेवढी ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे मधल्या पायाला, पुरते, आणि तो माझ्या उशाशी ठेवलेला बझर चालू करतो. ही विद्या त्यांचीच. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून आल्यावर ओट्यावर बसून त्यांनीच मला सातवीत असताना शिकवली होती. 'चिमूटभर विजेनं मोठी धार सोडायची, तोटीसारखी.' बेसला वीज आवरणारा रेझिस्टर लावला की नाही, हे त्यांनी त्या दिवशीही डोळ्यांनी विचारलं. दाखवल्यावरच पट्टीला बोट लावलं. ती वाजली, तू रडलीस, आणि मी दोन दिवस शेजारीपाजारी मिरवून घेतलं.

मग ती रोज वाजायला लागली. दुपारी चारचारदा. चादर ओली, आणि नेहमी नुसती ओलीच असायची असंही नाही. पूर्णिमा, मला किळस येते. आपल्या बापाची किळस येते. तीनदा साबण लावूनही पोळीचा घास तोंडाशी नेला की तोच वास. डोळा लागतो न लागतो तोच डोक्याशी ते केकाटणं, आणि उठताना माझ्या तोंडून जे शब्द निघायचे ते तुला लिहिता येणार नाहीत. बाबांची वाचा गेलीय, कान नाही गेले.

मी तुला फोनवर म्हटलं, ट्रान्झिस्टर जळला आणि रायपुरात तसला मिळत नाही. अगं, तात्यापाऱ्यात भैय्यालालच्या दुकानात ते बरणी भरून पडलेत, लिमलेटच्या गोळ्यांसारखे.

जळलाच नव्हता. जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेसची तार कापली. कापलेलं टोक जोडल्यासारखं दिसेल असं, पण न टेकवता ठेवलं, विनोदिनीला दिसू नये म्हणून. आणि गाढ झोपलो.

ती पाचला शाळेतून आली आणि बाबांना पाहून ओरडतच माझ्या खोलीत शिरली.

"बाबा कवाचे ओल्यात पडून हायेत जी! घंटी काहून नाही वाजली? तुमी तर घरीच होते ना!"

"ट्रान्झिस्टर गेला," मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून लगेच वर जोडलं, "मिळत नाही इथे."

त्याला आज अठरा दिवस झाले. परवापर्यंत रोज दुपारी मी झोपलो.

काल तुझं पाकीट विनोदिनीनं बाबांच्या उशाशीच फोडलं. "बघा बाबा, पूर्णिमाताईनं धाडले! आता लावून देतील हे." बाबांच्या डाव्या हातात आताशा खडू धरण्याइतकं बळ आलंय; त्यांनी खुणेनं पाटी मागितली आणि लिहिलं, 'मीटर'. तिनं कपाटातला त्यांचा जुना काट्याचा मीटर काढून माझ्या हातात दिला आणि ती शाळेत गेली.

बाबांनी नव्या ट्रान्झिस्टरांकडे पाहिलंही नाही. बोट जुन्या फळीकडे. मी जुना काढला. त्यांना एका हातानं जमणार नव्हतं, म्हणून मीटरच्या तारा मीच धरल्या. बेस आणि एमिटर, काटा पुढे गेला. बेस आणि कलेक्टर, काटा पुढे गेला. तारा उलट्या लावल्या, काटा ढिम्म. चांगला ट्रान्झिस्टर असाच दिसतो, हे मला शिकवणारा माणूस समोर पडून काटा बघत होता. मग त्यांनी फळीवरचं तारेचं टोक पाहिलं. कापलेली तार आणि जळालेली तार त्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

पाटीवर त्यांनी वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'चांगला आहे.'

मी तार जोडली, तोच जुना ट्रान्झिस्टर बसवला, माझं बोट टेकवून वाजवून दाखवला आणि फळी त्यांच्या हाताखाली सरकवली. त्यांनी हात उचलून छातीवर घेतला. पाचला फाटक वाजलं तेव्हा पाटी अजून उशाशीच होती. विनोदिनी आत यायच्या आधी त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं ती पुसून टाकली. माझ्यासाठी, पूर्णिमा. तिनं विचारलं, झाली का घंटी? मी हो म्हटलं.

किळस कोणाची यायला हवी होती ते आता कळतंय. विनोदिनीला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. तू ये. तुझ्यासाठी तरी ते पट्टीला बोट लावतील.

आज झोपलो नाही. दर अर्ध्या तासाला उठून बघतोय. एकदा चादर ओली होती, मी बदलली, ते छताकडे बघत राहिले. "बाबा, वाजवत जा ना," म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

बझर या कागदाशेजारीच ठेवलाय. तीन वाजत आले, अजून वाजला नाही.

घरीच असलेला,
श्रीपाद