कौल सांगणाऱ्याचा नवा डोळा

१४ जानेवारी
उजव्या डोळ्याची पुढची काच बदलली. माझी शंकूसारखी पुढे आली होती, डाव्या डोळ्याचीही तशीच आहे. आताची कुणा मेलेल्या भल्या माणसाची, टाक्यांनी शिवलेली. नाव सांगत नाहीत. त्याच्यासाठी रोज एक उदबत्ती लावायची. दुसरा संकल्प: डोळा चोळायचा नाही.
डॉक्टर कांगबाई म्हणाल्या, नजर स्थिर व्हायला वर्षही लागेल. मध्येच सुधारेल, मध्येच बिघडेल. वयाने लहान आहेत. समुद्राच्या देवीची, आमच्या माझू आईची, जयंती वसंतात. तोवर देवी मला आंधळा ठेवणार नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ
धुकं. अंगणातला शिंपल्यांचा ढीग गलबतासारखा दिसतो.
संध्याकाळ. प्रगती! बायको, युएशिया, कालवं सोलत होती, तिच्या सुरीचं टोक स्पष्ट दिसलं. तिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, सुरी केव्हाच धुऊन ठेवली, हा माझा अंगठा आहे.
उजेड कमी होता.

१९ फेब्रुवारी
देवळाच्या कमिटीचे चुआंगदादा आले. म्हणाले, चिनशुई, यंदा कौल गावातला थ्येनलाय सांगेल, तू आराम कर.
आराम! जयंतीला प्रत्येक घरचा कर्ता देवीपुढे चंद्रकोरीच्या आकाराच्या, एका बाजूने सपाट अशा दोन लाल लाकडी कोरी टाकतो. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या, म्हणजे देवी हसली. दोन्ही पालथ्या, म्हणजे नकार. ज्याला लागोपाठ जास्त होकार, त्याच्या घरी देवीची धाकटी मूर्ती वर्षभर राहते. कोरी बघून कौल पुकारणारा मी. माझ्याआधी माझे वडील. थ्येनलाय मासळी विकल्यासारखा ओरडतो.
म्हटलं, दादा, डोळा नव्यासारखा आहे. ते म्हणाले, मग सांग बरं, मी काय घातलंय? मी म्हटलं, निळा सदरा. चहा न पिताच गेले. युएशिया म्हणाली, पिवळा रेनकोट होता.

६ मार्च
डॉक्टरांनी उदबत्तीच्या धुरापासून लांब राहायला सांगितलंय. त्यांना दुसऱ्याचा डोळा फुकट मिळालेला नाही. डोळे मिटून लावतो.
खाज सुटली. चोळला नाही. मनगटाने फक्त दाबला. याला चोळणं म्हणत नाहीत.

२३ मार्च
आठवडाभर छान दिसत होतं. आता प्रत्येक दिव्याला शेपट्या फुटल्यात. चंद्र तीन. डॉक्टर म्हणाल्या, टाक्यांनी काच ओढली जाते, होतं असं. ड्रॉप्स वेळेवर घालता ना? हो म्हटलं. बहुतेक वेळा घालतोच.
तोपर्यंत डाव्या डोळ्याला कडक लेन्स लावा, म्हणाल्या. टोचते. आणि नवा डोळा मिळालेल्या माणसाने जुन्याच्या आधाराने का चालावं?

९ एप्रिल
दोन टाके काढले. लख्ख दिसेल असं वाटलं होतं. उलट झालं. काल तक्त्यावरची मोठी अक्षरं वाचली, आज तक्ताच काय तो दिसला. डॉक्टरांचं पुन्हा तेच: होतं असं. शिकून शिकून एवढा एकच मंत्र आलाय त्यांना.
चिडून घरी आलो. शेवटी देवीलाच विचारलं, यंदा मीच पुकारू ना? घरच्या कोरी टाकल्या. होकार. पुन्हा टाकल्या. होकार. तिसऱ्यांदाही! युएशियाने विचारलं, हात लावून पाहिलंत का? देवीचा कौल म्हणजे काय बाजारातलं वांगं आहे, चाचपून बघायला?
चुआंगदादांना कळवलं. तीन कौल म्हटल्यावर ते काय बोलणार? हं म्हणाले.

१ मे, जयंती
लिहायला नको वाटतं. पण रोजनिशी आहे.
देऊळ भरलेलं. ढोल, लाल दिवे, धूर. डोळ्यातून पाणी. लेन्स घरी. पहिला मान थ्येनलायचा. त्याने गुडघे टेकले, हात जोडले. मला फरशीवर दोन लाल आकृत्या दिसल्या. वडिलांच्या आवाजात पुकारलं, होकार!
बाहेरच्यांनी फटाक्यांची माळ लावली. ती संपल्यावर थ्येनलाय हळूच म्हणाला, चिनशुईदादा, कोरी अजून माझ्या हातातच आहेत.
नैवेद्याच्या ताटातून तांदळाच्या पिठाची दोन लाल गोड कासवं फरशीवर घसरली होती.
आचाऱ्यांपर्यंत सगळे हसले. चुआंगदादांनी मला हाताला धरून ढोलाजवळच्या स्टुलावर नेऊन बसवलं. पुढचे सगळे कौल थ्येनलायने पुकारले. चांगला आवाज आहे त्याचा. मासळीच्या मानाने.

२ मे
डोळा लालबुंद. डॉक्टर आज मंत्र म्हणाल्या नाहीत. बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. म्हणाल्या, काच वाचेल, पण पुन्हा धुरात गेलात तर माझ्याकडे येऊ नका. दर तासाला ड्रॉप्स. डाव्याला लेन्स. थ्येनलायच पुढच्या वर्षीही पुकारणार, असं चुआंगदादांनी युएशियाला सांगितलं. मला नाही.
बिछान्यात पडून विचार केला. कासवं होती, मान्य. पण एक उताणं आणि एक पालथं, एवढं तरी मी बरोबर ओळखलं होतं. नजर अगदीच गेलेली नाही.
युएशियाला विचारलं. तिनेच ती उचलली होती. कालवं सोलता सोलता म्हणाली, नाही हो. दोन्ही पालथी होती.